ब्लॅकमेलरपेक्षा घरच्यांना चुकवणं अवघड: ‘द रेकलेस मोमेंट’बद्दल

तुम्ही लिहून विचारलेले प्रश्न तीन आहेत. ‘द रेकलेस मोमेंट’ या १९४९च्या चित्रपटात ना गुप्तहेर आहे, ना पुरुषाला नादी लावून बुडवणारी बाई. निम्म्याहून जास्त गोष्ट दिवाणखान्यात, जिन्यावर आणि स्वयंपाकघरात घडते. मग त्याला फिल्म नॉयर, म्हणजे त्या काळच्या काळोख्या, निराश सुराच्या अमेरिकन गुन्हेपटांपैकी एक, का म्हणायचं? पैसे उकळायला आलेला माणूस त्याच बाईत गुंततो, हे पटवून कसं घ्यायचं? आणि तुम्ही स्वतः कुटुंब आणि ब्लॅकमेल याच विषयावर पटकथा लिहिताय, तर यातून नेमकं काय उचलायचं? मी बरीच वर्षं संकलन करते आहे, पटकथेच्या कार्यशाळाही घेते, आणि हा चित्रपट विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवते. त्यामुळे उत्तर एडिट टेबलावरून बघितल्यासारखं असेल. शेवटाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, तेव्हा ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून यावं.

कथा दोन ओळींत सांगते, म्हणजे पुढचं बोलणं अधांतरी राहणार नाही. कॅलिफोर्नियातलं बॅल्बोआ हे समुद्रकाठचं गाव, लॉस एंजेलिसला गाडीने जाऊन-येऊन करता येईल इतकं जवळ. नाताळ तोंडावर आलाय. ल्युसिया हार्परचा (जोन बेनेट) नवरा कामानिमित्त बर्लिनला आहे. घरी सासरे, कलाशाळेत जाणारी मुलगी बी, धाकटा मुलगा डेव्हिड आणि घरकाम सांभाळणारी कृष्णवर्णीय सिबिल. बी टेड डार्बी नावाच्या, वयाने बऱ्याच मोठ्या आणि लबाड माणसाच्या प्रेमात आहे. एका रात्री बोटहाउसमध्ये त्याचं खरं रूप तिला कळतं, झटापटीत ती त्याला टॉर्च मारून पळते, आणि तो झोकांड्या खात कठड्यावरून खाली नांगरावर पडून मरतो. सकाळी प्रेत ल्युसियाला दिसतं. मुलीच्या हातून खून झाला असं समजून ती ते मोटरबोटीत घालते आणि दूर नेऊन टाकते. दुसरीकडे बीने डार्बीला लिहिलेली पत्रं नेगल नावाच्या गुन्हेगाराच्या आणि त्याच्या साथीदाराच्या हाती आहेत. तो साथीदार, मार्टिन डॉनेली (जेम्स मेसन), एक दिवस घरात येऊन बसतो आणि पत्रांची किंमत सांगतो: ५,००० डॉलर.

आता नॉयरचं. हे नाव फ्रेंच समीक्षकांनी १९४६च्या सुमारास अमेरिकन गुन्हेपटांना दिलं. हॉलिवूडच्या सेटवर त्या काळी कोणी ‘आपण नॉयर करतोय’ असं म्हणत नव्हतं. त्यांच्या लेखी हे मेलोड्रामा होते किंवा गुन्हेपट. म्हणून टोपी, सिगारेट, पावसातला रस्ता, डिटेक्टिव्ह अशी यादी हातात धरून बसलं की हा चित्रपट हातातून निसटतो. मी बघते ते एवढंच: एका माणसाने एक निर्णय घेतला, त्यातून सुटायला तो जी जी धडपड करतो त्याने फास आणखी आवळतो, आणि हे सगळं आपल्याला त्याच्याच बाजूने उभं राहून बघावं लागतं. ल्युसियाची गोष्ट तंतोतंत ही आहे. तिने सकाळी पोलिसांना फोन केला असता तर डार्बीचा मृत्यू बहुधा अपघात ठरला असता. तिने प्रेत हलवलं आणि अपघाताचा गुन्हा केला.

शिवाय ही गोष्ट नॉयरच्या घरातलीच आहे. मूळ कादंबरी एलिझाबेथ सॅन्क्से होल्डिंग यांची ‘द ब्लँक वॉल’, १९४७ची. रेमंड चँडलरसारखा गुन्हेकथांचा नामवंत लेखक या बाईंना रहस्यकथेतल्या सर्वोत्तम लेखकांत गणत असे. कादंबरी युद्धकाळात घडते. चित्रपटाने ती शांततेच्या काळात आणली, आणि हा बदल मला फार मोलाचा वाटतो. युद्ध चालू असताना एकट्या बाईची ओढाताण समजण्यासारखी असते, सगळ्यांचीच होत असते. युद्ध संपलंय, दुकानांत माल आलाय, नाताळचं झाड आणायचंय, आणि तरीही ही बाई तितकीच एकटी आहे. चित्रपटाचं दुःख इथून सुरू होतं.

‘नादी लावणारी बाई कुठे आहे’ असं तुम्ही विचारलंत. जोन बेनेटला त्या काळच्या प्रेक्षकाने दिग्दर्शक फ्रिट्झ लँगच्या १९४४ आणि १९४५च्या दोन चित्रपटांत अगदी तसल्याच भूमिकांत पाहिलं होतं. इथे ती लांब कोट, काळा चष्मा आणि वाणसामानाच्या यादीसह येते. पण चित्रपट डॉनेलीच्या बाजूने एकदा बघा. एक चुकार माणूस एका बाईला भेटतो, तिच्यासाठी स्वतःच्या साथीदाराशी बिघडवून घेतो, खून करतो आणि मरतो. नॉयरच्या नायकाचा प्रवास आणखी काय असतो? फरक इतकाच की त्याला बुडवणारी बाई त्याला नादी लावतच नाही. ती फक्त तिचं घर चालवत असते.

आता मी ज्याच्यासाठी हा चित्रपट दाखवते त्या गोष्टीकडे येते. यातला ताण धमकीतून येत नाही, व्यत्ययातून येतो. डॉनेली आवाज चढवत नाही, सुरा काढत नाही. ल्युसियाला त्याच्यापेक्षा जास्त भीती कोणाची वाटते हे मोजून बघा: जिन्यावरून उतरणाऱ्या सासऱ्यांची, मध्येच दार उघडणाऱ्या मुलाची, ‘कोण आलंय?’ या प्रश्नाची. तिला पाच मिनिटं एकांत हवाय आणि त्या भल्यामोठ्या घरात तो कुठेच नाही. फोन करायचा तर घरातले आजूबाजूला. बोलायचं तर दार लोटून घ्यावं लागतं, आणि दार लोटलं की ते का लोटलं हे कोणीतरी विचारणारच. त्यात वाईट हेतूने कोणीच वागत नाही. सासरे तर डॉनेलीशी अगदी आपुलकीने गप्पा मारायला लागतात, पाहुणा आला म्हणून खूश होतात. आपण खुर्चीत आवळून बसतो, आणि पडद्यावर घडतंय काय, तर एक म्हातारा माणूस पाहुण्याचं आगतस्वागत करतोय.

पटकथेत हे लिहिणं सोपं आहे, पडद्यावर टिकवणं कठीण. इथे दिग्दर्शक कामाला येतो. मॅक्स ओफ्यूल्स मूळचा जर्मनीतल्या सारब्रुकेनचा ज्यू. हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, १९३३ला, देश सोडून फ्रान्सला गेला, पुढे तिथूनही निसटून अमेरिकेला. तिथे त्याच्या नावावर चारच चित्रपट लागले, हा त्यातला शेवटचा. त्यानंतर तो फ्रान्सला परतला आणि १९५०च्या दशकात त्याने आज जगभर शिकवले जाणारे चित्रपट केले. ट्रॉलीवरून, म्हणजे चाकांच्या गाड्यावरून, सतत वाहणारा कॅमेरा ही त्याची ओळख. ट्रॉलीविना शॉट लावायची वेळ आली की माणूस कसा कासावीस होतो, यावर खुद्द जेम्स मेसनने एक छोटी कविता रचली होती.

बरेच लोक या कॅमेऱ्याला ‘देखणा’ म्हणून मोकळे होतात. इथे तो देखणेपणासाठी नाही. कल्पना करा की डॉनेलीच्या पहिल्या भेटीचा सीन माझ्याकडे नेहमीच्या कव्हरेजने आलाय: मास्टर (सगळा सीन दाखवणारा लांबचा शॉट), मग त्याचा क्लोजअप, मग तिचा क्लोजअप. मी काय करेन? धमकीच्या वाक्यावर त्याच्या चेहऱ्यावर जाईन, प्रतिक्रियेला तिच्यावर येईन. सीन नीटनेटका कापला जाईल आणि मरेल. कारण क्लोजअपला क्लोजअप जोडला की उरलेलं घर नाहीसं होतं. दोघंच उरतात, आणि दोघंच आहेत म्हटल्यावर प्रेक्षक निर्धास्त होतो. ओफ्यूल्स तो दिलासा देत नाही. शॉट लांबवतो, ल्युसियाबरोबर खोलीतून खोलीत जातो, दारं आणि जिना फ्रेममध्ये धरून ठेवतो. तिथून कोणीही, कधीही येऊ शकतं हे आपल्याला दिसत राहतं. मग एखादा येतोही. विद्यार्थ्यांना मी हा भाग आवाज बंद करून दाखवते आणि फक्त एवढंच टिपायला सांगते की ल्युसिया एका शॉटमध्ये किती वेळा थांबते आणि किती वेळा तिला हवी ती दिशा बदलावी लागते. संवाद न ऐकताच त्यांना गोष्ट कळते.

याच्या उलट प्रेत हलवण्याचा प्रसंग. तिथे ती खरोखरच एकटी आहे, संपूर्ण चित्रपटात क्वचितच असते तशी. जवळजवळ संवाद नाहीत. पहाटेचा रिकामा किनारा, ओढून नेणं, बोटीत चढवणं, इंजिन सुरू करणं, पाण्यातून दूर जाणं. रडारड नाही, किंकाळी नाही. घरात काही सांडलं तर ते कोणी बघण्याआधी पुसून घ्यायचं, त्या सवयीने ती हे करते. जोन बेनेटने हे इतकं साधं ठेवलंय की पहिल्यांदा बघताना ते कौशल्य लक्षातही येत नाही. परत आल्यावर घर होतं तिथेच असतं, आणि मुलाने नीट कपडे का घातले नाहीत हे तिला विचारावंच लागतं. ही टोकणी चित्रपटभर चालू राहते; कितीही मोठं संकट डोक्यावर असो, डेव्हिडचा अवतार तिच्या नजरेतून सुटत नाही.

छायाचित्रकार बर्नेट गफी. पुढे दोन ऑस्कर मिळवणारा हा माणूस, पण इथे त्याचं काम दबक्या पावलांचं आहे. किनारा आणि घराचा दिवस स्वच्छ उजेडाचा, अगदी सुट्टीच्या जाहिरातीतला वाटावा असा. बोटहाउस रात्रीचं, काळोखाचं. एरवी नॉयरमध्ये शहर काळं आणि घर उजळ असतं. इथे काळोख घराच्याच आवारात, हाकेच्या अंतरावर आहे.

पैशांकडे वेगळं लक्ष द्या, कारण यावर फार कमी बोललं जातं. रक्कम सुरुवातीलाच सांगितली आहे आणि मुदतही. त्यानंतर चित्रपट आपल्याला ल्युसियाबरोबर वणवण फिरवतो. बँकेत नवऱ्याशिवाय काही हलत नाही. कर्ज देणाऱ्या कंपनीत तिला नवऱ्याबद्दल आणि घराच्या मालमत्तेबद्दल विचारलं जातं. शेवटी दागिने गहाण टाकायला जावं लागतं, आणि हाती येते ती रक्कम ५,०००च्या जवळपासही जात नाही. चांगलं घर, मोटर, बोट, मोलकरीण, सगळं असलेल्या बाईच्या स्वतःच्या सहीला किंमत नाही. अमेरिकेत कर्ज देताना स्त्री म्हणून किंवा विवाहित म्हणून भेदभाव करायला बंदी करणारा कायदा आला १९७४ला, म्हणजे या चित्रपटानंतर २५ वर्षांनी. तुम्हाला हा भाग ‘रेंगाळलेला’ वाटला असं लिहिलंत. मला तो कणा वाटतो. ल्युसियाला कोंडीत धरणारा माणूस डॉनेली नसून काउंटरपलीकडचा सभ्य कारकून आहे, हे तिथे कळतं.

आता डॉनेलीचं प्रेम. ते पटत नाही याचं एक कारण असं की आपण त्याला प्रेमकथेच्या मापाने मोजतो. दोघांमध्ये एकही चुंबन नाही, कबुली म्हणावी असा प्रसंगही नाही. आहे काय, तर ती सारखी सिगारेट ओढते हे त्याच्या लक्षात येतं आणि औषधाच्या दुकानात तो तिच्यासाठी फिल्टर असलेला सिगारेट होल्डर विकत घेतो. तो प्रसंग नीट बघा. ती पैशांच्या विवंचनेत, तो तिच्याकडून पैसे उकळणारा, आणि त्याच दुकानात तो तिच्या तब्येतीची काळजी करतोय. घरच्यांपैकी कोणाच्याही मनात हे आलेलं नाही. ते तिच्यावर प्रेम करतात यात शंका नाही, पण तिच्याकडे बघत नाहीत. डॉनेली परका आहे, कामासाठी तिच्यावर पाळत ठेवतो, आणि पाळत ठेवता ठेवता ती दिवसभर काय काय उचलते ते त्याला दिसतं. फेरीबोटीवर गाडीत बसलेले असताना ती त्याला घरचे कसे चहूबाजूंनी वेढून असतात ते सांगते, आणि तोही तेच म्हणतो: तुला तुझं कुटुंब, मला माझा नेगल. त्या एका बोलण्यात खंडणीखोर आणि गृहिणी एका पातळीवर येतात. पुढे तो स्वतःचा निम्मा वाटा सोडायला तयार होतो. माझ्या मते प्रेम सिद्ध होतं ते या व्यवहारात. जो माणूस पैशांवर जगतो त्याने पैसे सोडणं हीच त्याची भाषा.

तरीही तुमच्या शंकेत तथ्य आहे. डॉनेलीचं बदलणं मधल्या भागात घाईने उरकलंय, चित्रपट ८२ मिनिटांचाच आहे, आणि मेसनच्या आवाजातल्या थकव्याने पटकथेतल्या बऱ्याच फटी बुजवल्या आहेत. नेगल तर सरळसोट खलनायक आहे. त्याला स्वतःचं काही दिलेलं नाही. इथे लेखक कमी पडले असं मी स्पष्ट म्हणेन.

सिबिलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिला विसरू नका. फ्रान्सिस विल्यम्स या अभिनेत्रीने ती केली आहे. ती फ्रेमच्या मागच्या बाजूला काम करत असते आणि हळूहळू लक्षात येतं की घरात जे चाललंय ते न सांगता तिलाच कळलंय. प्रश्न न विचारणारी ती एकटीच. शेवटच्या धावपळीत ल्युसियाच्या गाडीत तीच असते. तिला स्वतःचं आयुष्य, स्वतःचं घर चित्रपट देत नाही. तेवढी त्या काळच्या हॉलिवूडची मर्यादा आणि तेवढाच अन्याय. पण ओफ्यूल्सने तिला फ्रेमबाहेर काढलं नाही, आणि दुसऱ्यांदा बघताना माझी नजर तिच्यावरच जास्त जाते.

शेवट तुम्हाला ‘सोयीचा’ वाटला. तेव्हा हॉलिवूडमध्ये सेन्सॉरची जी आचारसंहिता होती तिचा नियम होता की गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे. मग ल्युसियाचं काय करायचं? तिला तुरुंगात पाठवलं तर चित्रपट पडतो, मोकळी सोडली तर मंजुरी अडते. वाट काढली ती अशी: डॉनेली नेगलचा गळा दाबून जीव घेतो, स्वतः जखमी होतो, प्रेत गाडीत घालून निघतो, अपघात होतो आणि मरता मरता दोन्ही खून स्वतःवर घेतो. पत्रं ल्युसियाच्या हाती परत येतात. नियम पाळला गेला. पण त्यानंतर ओफ्यूल्स तिला घरी आणतो. ती खोलीत पडून रडते, तेवढ्यात बर्लिनहून नवऱ्याचा फोन येतो आणि डोळे पुसून खाली यावं लागतं. ती त्याला सांगते की सगळं ठीक आहे, फक्त तुझी आठवण येते. कॅमेरा जिन्याच्या कठड्यामागे आहे आणि कठड्याच्या दांड्या तिच्यासमोर गजांसारख्या उभ्या आहेत. शिक्षा झाली नाही असं कसं म्हणायचं? माणूस मेला आणि त्याच्यासाठी तिला उघड रडताही येत नाही. याआधी एकदा ती नवऱ्याला सगळं खरं लिहायला घेते आणि पत्र फाडते. तो प्रसंग आणि हा फोन पाठोपाठ बघा.

‘मिल्ड्रेड पिअर्स’शी तुलना करायची झाली तर (१९४५, तीही आई-मुलीची नॉयर, त्यातही मुलगी खोटं गरोदरपण सांगून पैसे उकळते) तिथे गुन्हा कुटुंबाच्या आतून, मुलीच्या हावेतून येतो. इथे घरात हाव कोणालाच नाही. ल्युसियाचं घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, आणि म्हणूनच तिला कुणावर रागावताही येत नाही. मला दुसरी गोष्ट जास्त अवघड आणि जास्त खरी वाटते. २००१ला हीच कादंबरी घेऊन ‘द डीप एंड’ आला, टिल्डा स्विंटनचा. त्यात मुलीच्या जागी समलिंगी मुलगा आहे, किनाऱ्याऐवजी लेक टाहो आणि ५,०००चे ५०,००० डॉलर झालेत. तुम्ही लिहिताय म्हणून तो जरूर बघा. काळ बदलला की गुपित कुठे हलवावं लागतं याचा तो चांगला नमुना आहे.

आणि तुमच्या पटकथेचा प्रश्नही हाच आहे. तुम्ही पाठवलेल्या रूपरेषेत नायिका ठाण्याच्या फ्लॅटमध्ये राहते आणि ब्लॅकमेलर तिला व्हॉट्सअॅपवर धमक्या पाठवतो. मोबाइलने तिला ल्युसियाला कधीच न मिळालेला एकांत फुकट मिळाला. बाथरूममध्ये जाऊन ती त्याच्याशी बोलू शकते. मग घर कथेत येतंच नाही, आणि दुसऱ्या अंकात तुमचे सासू-सासरे नुसते शोभेला उरलेत ते त्यामुळेच. व्यत्यय कुठून येईल ते शोधा. जॉइंट अकाउंटमधून पैसे काढले की मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर जातो. ओटीपी त्याच्या नंबरवर येतो. जुना फोन मुलाकडे गेलाय आणि त्यात तिचं अकाउंट अजून चालू आहे. यातलं एक घ्या आणि शेवटपर्यंत तेच पिळा, तिन्ही वापरू नका.

दागिन्यांचंही तसंच. आपल्याकडे पाटल्या घेऊन गोल्ड लोनला गेलं की पैसे चटकन मिळतात, तेव्हा ल्युसियाची वणवण तुमच्या नायिकेला जशीच्या तशी लागू होणार नाही. तिची अडचण पाटल्या गेल्यानंतर सुरू होते. घरातल्या लग्नात त्या हातात दिसल्या पाहिजेत, आणि नाही दिसल्या तर सासू चारचौघांत विचारणार, तेही प्रेमाने, काळजीने. तुमच्या रूपरेषेत नणंदेचं लग्न चौथ्या सीनमध्ये ओझरतं येतं. ते पहिल्या दहा पानांत तारखेसकट आणा, पैशांची मुदत त्याच्या आदल्या दिवसाची ठेवा, आणि ब्लॅकमेलरला त्या लग्नात पाहुणा म्हणून जेवायला बसवा.